दीवानजींनी बदललेली काच

आमच्या रामघाटाच्या गल्ल्यांत एक गोष्ट अजून सांगितली जाते. जुना थाना एका हवालदारानं पाडला, अशी. भिंतीला भेग गेली होती. ती भेग वाढते का हे बघायला इंजिनिअरनं तिच्यावर काच चिकटवली होती. काच फुटली तेव्हा हवालदारानं गुपचूप नवी बसवली, इंजिनिअर फसला आणि पूर ओसरताना भिंत खाली आली. सांगणारा हसतो, ऐकणारा हसतो. त्या हवालदाराला लोकांनी नाव ठेवलं, ‘शीशा दीवान’. माणूस जाऊन कितीतरी वर्षं झाली. नाव राहिलं.

गोष्टीतला इंजिनिअर मी. माझ्याबद्दल गोष्टीत कुणी वाकडं बोलत नाही. ‘बिचारा फसला’ एवढंच म्हणतात. मी फसलो नव्हतो.

संपादकांनी नोकरीतल्या गमतीजमती लिहायला सांगितलं आहे. सरकारी बांधकाम खात्यात जन्म गेला, तेव्हा गमती भरपूर आहेत. शाळेचं छप्पर घालायला गेलो आणि माकडांनी नकाशाच पळवला, ती एक. न्यायाधीशांच्या बंगल्याचं दार उलट्या बाजूनं उघडणारं बसवलं, ती दुसरी. पण लिहायला बसलो की आधी हा थाना समोर येऊन उभा राहतो आणि बाकीच्यांना पुढे येऊ देत नाही. म्हणून तोच लिहितो.

आम्ही काशीतली मराठी माणसं. आजोबा वेदपाठशाळेत शिकवायला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आमच्या मराठीतही पोलीस ठाण्याला ‘थाना’च म्हणतात, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं.

घाटाच्या पायऱ्या चढून गल्लीत शिरलं की डाव्या हाताला तो थाना होता. मूळचं ते अन्नछत्र. कुणा मराठी सरदाराच्या कारभाऱ्यानं बांधलेलं, असं म्हणत. पुढे इंग्रजांनी ते पोलिसांना दिलं. जिथे ब्राह्मणभोजनाचा स्वयंपाक व्हायचा त्या खोलीचा मालखाना झाला. मालखाना म्हणजे चोरांकडून जप्त केलेला माल ठेवायची जागा. तिथे सायकली, पितळेची भांडी, एकदा तर एक सतार, सगळं चिठ्ठ्या बांधून ठेवलेलं असे. भिंतीवरचे चुलींच्या धुराचे काळे पट्टे कितीही सफेदी केली तरी दर पावसाळ्यात पुन्हा वर यायचे. धान्याच्या कोठीची हवालात झाली होती. चौकात शेंदूर माखलेला मारुती होता. पहारा बदलताना शिपाई आधी त्याला हात जोडायचे आणि मग थानेदाराला सलाम करायचे.

दाराशी दगडी ओटा होता. गल्लीतले निम्मे खटले त्या ओट्यावरच मिटत. कुणाचं पन्हाळ कुणाच्या अंगणात पडतं, कुणाची गाय कुणाच्या भाजीत तोंड घालते. आत जाऊन रपट, म्हणजे रीतसर तक्रार, लिहायची वेळ क्वचित येई. रागावून आलेला माणूस ओट्यावर बसायचा, दीवानजी त्याला पाणी द्यायचे, पाणी पिता पिता निम्मा राग जायचा.

दीवानजी म्हणजे हेड कॉन्स्टेबल. आमच्याकडे हेड कॉन्स्टेबलला सगळे दीवानजीच म्हणतात. यांचं नाव रामसकल. उंच, काटकुळे, चष्म्याची एक काडी सुतळीनं बांधलेली, खाकी मात्र सदैव इस्त्रीची. थान्यातलं लिहिणं आणि थान्यातल्या वस्तू, दोन्ही त्यांच्या ताब्यात. कंदिलाची काच तडकली तर घरच्या कंदिलाची आणून बसवतील, लोटा हरवला तर घरचा आणून ठेवतील. म्हणायचे, “सरकारी चीज टूटी-फूटी देखते हैं तो खाना नहीं पचता।” शिपाई त्यांची चेष्टा करायचे. “दीवानजी, हमारी भी एक दाढ़ टूट गई है, सरकारी नौकरी में। बदलवा दीजिए।”

त्यांची आणि माझ्या आईची दोस्ती कशी जमली ते सांगतो. मी नुकताच खात्यात लागलो होतो. एका दुपारी शिपाई बोलवायला आला. घाटावर एक मराठी बाई चुकल्या होत्या, यात्रेला आलेल्या, हिंदीचा एक शब्द येत नव्हता. मी आईला घेऊन गेलो. बाई पदर पुढे ओढून बाकावर बसल्या होत्या आणि दीवानजी लेखणी घेऊन घामाघूम झाले होते.

“माताजी, अच्छा हुआ आप आ गईं। हम पूछते हैं पति का नाम, और ये कब से बस ‘हे, हे’ किए जा रही हैं। ‘हे’ कौन नाम हुआ?”

आई हसली. “दीवानजी, हमारे में पति का नाम ऐसे नहीं लेते।” मग बाईंकडे वळून म्हणाली, “अहो, सरकारदरबारी लिहायचं आहे. उखाण्यात घ्या की.”

बाईंनी डोळे पुसले, थोडा विचार केला आणि त्या पोलीस थान्यात, हवालातीतल्या दोन पाकीटमारांच्या साक्षीनं, अगदी हळदीकुंकवात घ्यावा तसा उखाणा घेतला.

“गंगेच्या पाण्यात दिवा सोडते वाकून, गणपतरावांचं नाव घेते दीवानजींचा मान राखून.”

आईनं अर्थ सांगितला तेव्हा दीवानजी लाजले. खरंच लाजले. गणपतराव अहिल्याबाई घाटावर पायरीवर बसलेले सापडले. “ती इथंच येईल” म्हणून जागचे हलत नव्हते. त्या दिवसापासून आई गल्लीत दिसली की दीवानजी लांबूनच आपल्या मराठीत ओरडायचे, “माताजी! दीवानजींचा मान राखून!” आई म्हणायची, “काशीत राहून जेवढं मराठी यायला हवं तेवढं आलं या माणसाला.”

अशा त्या थान्याचं काय करायचं हे ठरवायचं काम पुढे काही वर्षांनी माझ्याकडे आलं.

इमारत थकली होती. पोलिसांच्या वरिष्ठांना थाना गल्लीतून काढून सडकेवर हवा होता, जिथे जीप दारापर्यंत येईल. मोहल्ल्याला तो होता तिथेच हवा होता. आमच्या खात्याला फक्त एक उत्तर हवं होतं. माझे साहेब म्हणाले, “सेंटिमेंट मत लिखिएगा। रिपेयर या डिस्मेंटल, और नीचे दस्तखत।”

घरी वडीलधारी मंडळी येऊन बसू लागली. “आपल्या माणसांनी बांधलेली इमारत, आणि आपलाच मुलगा पाडणार?” शेजारच्या काकू म्हणाल्या, “थाना सडकेवर गेला की या अंधाऱ्या गल्ल्यांतून शिट्टी कोण वाजवणार रे?” आई तर म्हणाली, “तू ठरवशील ते बरोबरच असेल.” हे सगळ्यांत जड होतं.

जुनी इमारत दुरुस्त करायची की पाडायची, हे कसं ठरवतात ते थोडक्यात सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. आधी ओळंबा सोडून भिंत किती कलली आहे ते बघायचं. मग बोटाच्या पेरानं गिलावा वाजवत जायचं. भरीव भिंत एक आवाज देते, पोकळ भिंत दुसरा. आमच्या जुन्या काशीच्या भिंती पातळ लखौरी विटांच्या आणि चुन्या-सुरखीच्या (सुरखी म्हणजे विटांची लाल पूड). त्या सिमेंटच्या भिंतीसारख्या ताठर नसतात. थोडं इकडे तिकडे सरकून घेतात, म्हणून भेगा दिसल्या की लगेच घाबरायचं नसतं. भेग झोपलेली आहे की जागी आहे, एवढं शोधायचं असतं. झोपलेली भेग पन्नास वर्षं तशीच राहील, तिच्यावर सफेदी करून मोकळं व्हावं. जागी भेग वाढत असते. ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून भेगेवर आडवी एक काचेची पट्टी ठेवून तिची दोन्ही टोकं सिमेंटनं भिंतीला चिकटवतात आणि वर तारीख टाकतात. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. काच फुटली तर भेग जागी आहे. ती काच असतेच फुटण्यासाठी.

हे तुम्हाला समजलं ना? चार ओळी लागल्या. त्या चार ओळी मी दीवानजींना सांगितल्या नाहीत.

उन्हाळ्याच्या शेवटी मी मालखान्याच्या नदीकडच्या भिंतीवर काचा लावल्या. काचेवर खिळ्यानं तारीख ओरखडली. माझं अक्षर पहिल्यापासून वाईट. दीवानजी मागे हात बांधून बघत होते.

“साहब, ये काँच किस काम का?”

मला दुसऱ्या साइटवर पोचायचं होतं, गवंडी खोळंबले होते. आणि खरं सांगायचं तर, हवालदाराला भेगा समजावून सांगण्यात काय अर्थ, असंही मनात आलं. मी तेव्हा तिशीच्या आतला होतो, आणि मला सगळं येत होतं. शिपाई काचेला हात लावतील, टोप्या अडकवतील, एवढीच काळजी होती. मी म्हणालो, “सरकारी काँच है दीवानजी, सँभालिएगा। टूटी तो आपसे पूछूँगा।”

त्यांनी टाचा जुळवल्या. “निश्चिंत रहिए।”

पावसाळा लागला. मी अधूनमधून जायचो. काचा शाबूत होत्या. माझा जीव भांड्यात पडायचा, कारण मला त्या शाबूतच हव्या होत्या. चौकात चहा यायचा, मारुतीच्या पायाशी मांजर झोपलेलं असायचं, दीवानजी आईची खुशाली विचारायचे. हा थाना राहणार आणि तो माझ्यामुळे राहणार, असं मनात पक्कं होत चाललं होतं.

शेवटची पाहणी केली त्या दिवशी दोन गोष्टी मला दिसल्या. हे लिहिण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

एक म्हणजे मधल्या काचेवरची तारीख. तारीख तीच होती, पण अक्षर सुबक होतं, शाईनं घोटून काढल्यासारखं. माझं खिळ्याचं ओरखडलेलं अक्षर ते नव्हतं.

दुसरं म्हणजे दीवानजींच्या मेजामागे टांगलेला फोटो. ते भरती झाले तेव्हाचा, त्यांच्या तुकडीचा. तरण्या पोरांच्या रांगा, सगळ्यांच्या मिशा नव्या. या फोटोचा त्यांना फार अभिमान होता, रोज कपड्यानं पुसायचे. त्या दिवशी फोटोवर काच नव्हती. ओल लागून एक कोपरा वर वळला होता.

मी विचारलं, “दीवानजी, फोटो का काँच कहाँ गया?”

ते हसले, थोडे अभिमानानंच. “सरकारी काम में लग गया, साहब।”

मी काय केलं? मी पण हसलो. चहा संपवला. कुठल्या सरकारी कामात, हा पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर होता आणि मी तो गिळला. विचारला असता तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर आलं असतं तर मला ‘पाडा’ लिहावं लागलं असतं. मी ऑफिसात जाऊन लिहिलं, इमारत स्थिर आहे, दुरुस्ती करावी.

गल्लीत पेढे वाटले गेले. वडीलधाऱ्यांनी पाठीवर हात फिरवला. दुरुस्तीचं काम पावसाळा संपल्यावर सुरू व्हायचं होतं.

त्या वर्षी गंगा खूप चढली. घाट बुडाले, खालच्या गल्लीत नावा आल्या. थान्याच्या पायापर्यंत पाणी लागलं, पण भिंती उभ्या होत्या. लोक मला म्हणाले, “बघा, जुनं बांधकाम!” पुराचं पाणी चढताना भिंतीला टेकू देतं, हे मला ठाऊक होतं. उतरताना ते खालची माती घेऊन जातं. जुनी घरं पडतात ती पाणी गेल्यावर.

भर दुपारी, कोरडं ऊन पडलेलं असताना मालखान्याची भिंत खाली आली. दीवानजी आत होते. ओल लागलेला जप्तीचा माल उन्हात काढायला म्हणून सायकली हलवत होते. मी पोचलो तेव्हा त्यांना चौकात मारुतीसमोर खाटेवर ठेवलं होतं. डावा पाय गुडघ्याखाली बघवत नव्हता. सगळं अंग सुरखीनं लाल झालं होतं. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला, सलामासाठी.

“साहब,” ते म्हणाले, “काँच तो साबुत थी।”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांना नवल वाटत होतं. एवढी जपलेली काच असून भिंत पडलीच कशी?

पुढे चौकशी झाली. त्याच चौकात खुर्च्या मांडून. माझे साहेब आणि पोलिसांचे एक अधिकारी. दीवानजींना कुबडीवर आणलं. ढिगाऱ्यातून काचेचे तुकडे काढून ठेवले होते, आणि साहेबांना सुबक अक्षर लगेच दिसलं. मला दिसलं होतं तितक्याच लगेच.

“ये काँच किसने बदली?”

“हम बदलवाए, हुज़ूर।” त्यांनी मान वर करून सांगितलं, काहीतरी चांगलं केल्याचं सांगावं तसं. “जब-जब टूटी, तब-तब। पहले घर की खिड़की से निकाले, फिर फोटो से। सरकार का एक पैसा नहीं लगने दिए। तारीख भी वही लिखे।”

कुणीतरी हसलं. अधिकारी हसले नाहीत. साहेब माझ्याकडे वळले.

“आपने इन्हें समझाया था, काँच किसलिए है?”

मी म्हणालो, “जी, समझाया था।”

दीवानजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग आला असता तर मला पुढचं आयुष्य सोपं गेलं असतं. ते आठवत होते. भुवया आक्रसून, कुबडीवर रेलून, मी कधी आणि काय समजावलं होतं ते प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न करत होते. मग म्हणाले, “साहब कहते हैं तो समझाए होंगे। हम ही नहीं समझे होंगे।”

संपलं. हेड कॉन्स्टेबलची पट्टी गेली, पोलीस लाइनीत बदली झाली आणि तिथूनच ते निवृत्त झाले. थान्यात पुन्हा त्यांनी पाऊल टाकलं नाही. गल्लीला हसायला गोष्ट मिळाली. माझ्यावर ठपका आला नाही.

राहिलेली इमारत उतरवायचं काम माझ्याकडेच आलं. तिची एकेक वीट निघताना मी उभा होतो. धुराचे काळे पट्टे पहिल्यांदाच उघड्या उन्हात आले. मारुतीला शिपायांनी वाजतगाजत सडकेवर नेलं. नवा थाना मी बांधला. सिमेंटचा, सपाट छताचा, पुढे जीपसाठी पोर्च. मजबूत झाला. ओटा नकाशात होता, पण साहेबांनी खोडला, म्हणाले पोलीस थान्याला ओटा कशाला. गल्लीतल्या बायका तिकडे जाईनाशा झाल्या. आई एकदाच गेली, मारुतीच्या दर्शनाला. परत येऊन म्हणाली, “पाणी विचारायला कुणी नाही रे तिथे.” चौकशीत मी काय बोललो ते तिला मी कधी सांगितलं नाही.

दीवानजी मला त्यानंतर एकदाच भेटले. मुन्शी घाटावर. हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात पायरीवर बसले होते, काठी शेजारी. मी वळून जाणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. “इंजीनियर साहब! आइए, मूँगफली खाइए।” मी बसलो. त्यांनी शेंगा फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले. आईची चौकशी केली. ती गेल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. नंतर हळूच म्हणाले, “दीवानजींचा मान राखून।” उच्चार अजून तसाच होता.

मग नदीकडे बघत त्यांनी विचारलं, “साहब, एक बात बताइए। हम ऊ काँच नहीं बदले होते, तो?”

खरं उत्तर असं होतं की तुम्ही काच बदलली नसती तर मी ती खोली त्याच दिवशी रिकामी केली असती आणि तुमचा पाय शाबूत असता. पण त्याच्याही आधीचं खरं उत्तर असं होतं की काच कशासाठी आहे हे मी सांगितलं असतं तर तुम्ही ती बदललीच नसती. पहिलं सांगितलं तर दुसरं सांगावं लागणार होतं. मी म्हणालो, “गिरना ही था, दीवानजी। पुरानी दीवार थी।”

“हाँ,” ते म्हणाले, “गिरना ही था।” आणि पुढची शेंग फोडली.

त्यांचं मन हलकं झालं असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. हलकं करायचं होतं ते माझं.

मी बांधलेला थानाच गेल्या वर्षी म्हातारा झाला. छत गळतं, सळ्या गंजून फुगल्या आहेत. दुरुस्त करायचा की नवा बांधायचा, हा प्रश्न पुन्हा आला. आता खात्यात माझ्या जागी एक तरुण मुलगी इंजिनिअर आहे. जुने नकाशे विचारायला ती घरी आली आणि मला गाडीत घालून थान्यावर घेऊन गेली. हल्ली काचेऐवजी प्लास्टिकच्या पारदर्शक पट्ट्या लावतात, त्यांच्यावर रेघा असतात. ती पट्टी लावत होती तेवढ्यात तिथला मुन्शी, म्हणजे थान्यातलं लिहिणं बघणारा, चहाचे पेले घेऊन आला आणि रंगात येऊन म्हणाला, “मैडम, इस थाने में ध्यान से लगाइए। यहाँ एक शीशा दीवान हुए थे, किस्सा मालूम है?” त्यानं ती गोष्ट सांगितली. मुलगी हसली. मीही आजवर हसत आलो होतो.

मी म्हणालो, “उन्हें किसी ने बताया नहीं था।”

“क्या नहीं बताया था, बाबूजी?”

“कि काँच किसलिए है। बताना मेरा काम था। पूछने पर भी नहीं बताया। और चौकशीत...” हिंदी बोलता बोलता मी मराठीवर आलो, म्हातारपणी असं होतं. पुन्हा हिंदीत सांगितलं. “जाँच में मैं झूठ बोला।”

मुन्शीनं हातातला पेला खाली ठेवला. म्हणाला, “बाबूजी, इतनी पुरानी बात की अब रपट भी नहीं लिखी जाएगी।” तो समजूत घालत होता. मुलीनं मात्र हातातली पट्टी त्याला दाखवली आणि ती कशी वाचायची, रेघ सरकली तर कुणाला फोन करायचा, हे सावकाश समजावलं. त्यानं परत म्हणून दाखवलं. निघताना तिनं मला विचारलं, दुरुस्ती की नवा? मी म्हटलं, पाऊस जाऊ दे, पट्ट्या काय म्हणतात बघ, आणि आत बसणाऱ्यांना विचार. पण ओटा घाल. दोन्हीपैकी काहीही कर, ओटा घाल.

रामघाटाच्या वरच्या गल्लीत दीवानजींच्या नातवाची चहाची टपरी आहे. गोपाल त्याचं नाव, आता पन्नाशीला आला. टपरीला पाटी नाही. लोक ‘शीशा दीवान की चाय’ म्हणतात, आणि तोही तक्रार करत नाही. कित्येक वर्षं मी तिच्यावरून जाणं टाळत, लांबच्या गल्लीनं घाटावर उतरत आलो. त्या संध्याकाळी मी तिथे जाऊन बाकावर बसलो आणि सगळं सांगितलं. तो चहा गाळत राहिला. गिऱ्हाइकं आली, गेली.

मागे फळीवर तो फोटो होता. तरण्या पोरांच्या रांगा, नव्या मिशा, धुरानं पिवळा पडलेला. वर काच नव्हती. मी म्हटलं, मी काच बसवून देऊ का?

“ना बाबूजी। बाबा मना किए थे। कहते थे, इसका काँच ड्यूटी पर गया है।” इकडे आजोबांना बाबा म्हणतात.

मग त्यानं माझ्यापुढे चहाचं मातीचं कुल्हड ठेवलं आणि म्हणाला, “लेकिन बाबा तो हम लोगों से हमेशा कहते थे कि इंजीनियर साहब हमको बचाने की बहुत कोशिश किए थे। अब हम किसकी मानें, बाबा की या आपकी?”

“माझी,” मी म्हणालो. “मेरी मानो।”

त्यानं गाळणं आपटून रिकामं केलं. “तो लिख के दे दीजिए। यहाँ टाँग देंगे। रोज़ पचास लोग पूछते हैं।”

मी म्हटलं, मी मराठीत लिहितो. तो म्हणाला, “लिखिए। अक्षर तो वही हैं, निकाल लेंगे।”

त्याला अक्षरं काढत बसायला लागू नये म्हणून शेवट त्याच्या भाषेत करतो. टांगायला एवढा तुकडा कापून घेतला तरी चालेल.

गोपाल, तुम्हारे बाबा ने मुझसे पूछा था कि काँच किस काम का है। मैंने नहीं बताया। उन्हें सँभालने को कहा गया था, उन्होंने सँभाला।